कोटाच्या खिशातली हळकुंडे

आज कपाटातून जुना कोट काढला आणि हळदीचा वास येताच हैदराबादचा विमानतळ डोळ्यांपुढे उभा राहिला. लेकीला दुसऱ्या दिवशी बेंगळुरूत हळद लागायची होती आणि आमच्या रिवाजाप्रमाणे ती हिंगोलीच्या घरच्या हळकुंडांचीच दळायची होती. हळकुंडांची थैली तोलून काउंटरवरची मुलगी म्हणाली, "अंकल, दो किलो ज्यादा है. पैसे भरो, नहीं तो थैली छोडो." कालपर्यंत जे वजन विनामूल्य नेता येत होते, त्यावर आज शुल्क! मी संतापून तक्रार लिहायला कागद काढला. "काहून भांडून राहिले हो? विमान निघून जाईल नं!" पत्नी कळवळली. तेवढ्यात तिकिटाच्या अटींमध्ये मला ते कलम सापडले: अंगावरील कोट वजनात धरला जाणार नाही. मी आनंदाने ओरडलोच! आम्ही दोघांनी भराभर दोन किलो हळकुंडे कोटाच्या खिशांत कोंबली. "अब तोलो!" मुलगी हसू दाबत म्हणाली, "जाइए, अंकल." विमानात पत्नी म्हणाली, "नवरीच्या आधी तुमीच पिवळे झाले, व्हय!" शुल्काविरुद्धच्या माझ्या सात पत्रांना कंपनीने अद्याप उत्तर दिलेले नाही. कोट मात्र मी कोणालाही धुऊ देत नाही. तो पुरावा आहे.