बदललीस का?

बाबा चक्कर येऊन धानाच्या बांधीत पडले, तेव्हा मी पुण्याची खोली सोडून लॅपटॉपसकट सिंदेवाहीला आलो. कंपनीनं घरून काम करायला परवानगी दिली होती. बापासाठी परत आलेला मुलगा म्हणून गावात माझं फार कौतुक झालं, आणि ते मी काही नाकारलं नाही.

लॅपटॉपला मात्र गाव मानवलं नाही. त्याचा पंखा सकाळपासून घरघरायचा आणि अंग इतकं तापायचं, की बाबा म्हणाले, "याच्यावर पापड भाजता येते."

दोष माझाच निघाला. मी प्रोग्रॅम कंटेनरमध्ये चालवत होतो. कंटेनर म्हणजे संगणकाच्या पोटातली एक बंद खोली. आतला एक पहारेकरी माझ्या फायलींवर लक्ष ठेवायचा. पण फायली होत्या खोलीबाहेर, आणि बाहेरची बातमी आत पोचत नव्हती. म्हणून मीच त्याला सांगून ठेवलं होतं, सारखं विचारत राहा. तो बिचारा एका सेकंदात कितीदा तरी हजारो फायलींना विचारायचा, बदललीस का? बदललीस का? त्यातल्या बहुतेक फायलींना मी जन्मात हात लावला नव्हता. प्रोसेसरचा सगळा जीव या चौकशीत जात होता.

मला हसू आलं. त्याच दुपारी मी बाबांना विचारलं, "बरं वाटून राह्यलं ना?" सकाळपासूनची ती सातवी-आठवी वेळ असावी. बाबा उखडले.

"काऊन रे सारखा इचारते? मी धान राखाले जागलीवर जात होतो, त मचाणावर चूप बसत होतो, कान देऊन. डुक्कर आलं का समजत होतं. बांधाबांधानं फिरणाऱ्याले काई भेटत नाई. मले काई झालं त मी सांगीन ना!"

मला एकदम ज्ञान झालं. फायली खोलीच्या आत नेऊन ठेवल्या आणि विचारणं बंद केलं. आता बदल झाला की बातमी आपोआप यायची. पंखा गप्प झाला. मग तोच उपाय मी बाबांना लावला. घरात इतकी शांतता नांदू लागली, की मी स्वतःवर बेहद्द खूश होतो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे तेव्हा आठवलं नाही.

चौथ्या दिवशी शेजारच्या काकू दारात आल्या. "तुह्या बाबाले परवापासून चक्कर येऊन राह्यली. तुले मालूम नाई?"

बाबांनी काकूंना सांगितलं होतं, न्हाव्याला सांगितलं होतं, किराणावाल्यालाही सांगून झालं होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी मला विचारलं, "कधीपासून?" मी बाबांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांनी दिवस, वेळ, सगळं नीट सांगितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाहेर बाकावर बसल्यावर मी चिडून म्हणालो, "मले काऊन नाई सांगितलं?"

बाबा गोळ्यांची पुडी उलटसुलट करत राहिले. मग म्हणाले, "तू इचारणंच सोडलं. मले वाटलं, कंटाळला."