यादीतलं गळलेलं अक्षर

वाशिमच्या एका शिक्षण संस्थेत मी कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून लागले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात कार्यालयाच्या अधीक्षकांनी मला एक काम दिलं. संस्थेच्या सगळ्या शाळांमधल्या कर्मचाऱ्यांचे मेलचे पत्ते एका यादीत टाकायचे. त्याआधी सूचना व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर जायच्या, पण तिथे दोन मुख्याध्यापक सगळ्यांसमोर भांडले आणि अध्यक्षांनी तो ग्रुप बंद केला. आता यादीच्या एका पत्त्यावर एक मेल टाकला की संस्थेचा सर्व्हर जितके पत्ते तितक्या प्रती काढून ज्याच्या त्याच्या पेटीत टाकणार होता.

शाळांनी हातानं लिहून पाठवलेल्या कागदांवरून मी दोन दिवस पत्ते टाईप केले. चार पत्ते तपासले, ते बरोबर निघाले, म्हणून बाकीचेही बरोबर असतील असं धरलं.

पुढे अडचण झाली ती अधीक्षकांना. यादीवर मेल टाकला की तासाभरात त्यांच्या पेटीत चार-पाच इंग्रजी पत्रं परत यायची. कुणाची पेटी भरलेली, कुणी नोकरी सोडलेली. ज्याला मेल पोचत नाही त्याच्याबद्दल सर्व्हर पाठवणाऱ्याला कळवतो, तशी ती पत्रं.

"हे लचांड मलेच काहून येऊन राह्यलं?" त्यांनी मला बोलावून विचारलं. "पाठवलं ते गेलं. आता मले इंग्रजी वाचाले लावू नको."

मी एक नवी पेटी उघडली आणि यादीची परतपत्रं तिकडे वळवली. ती पेटी मी रोज बघायची असं ठरलं. पहिला महिना बघितलीही. मग दहावीचे फॉर्म आले, मग ऑनलाइन हजेरी आली, आणि ती पेटी मागे पडली. अधीक्षकांच्या पेटीत काही येत नव्हतं, त्यामुळे सगळ्यांना सगळं पोचतंय असंच आम्ही दोघं समजत होतो.

दोन वर्षं अशी गेली. एका दुपारी अनसिंगच्या शाळेचे ग्रंथपाल कार्यालयात आले. पन्नाशीचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात रजिस्टर पोस्टानं आलेलं पाकीट. ग्रंथपालांच्या प्रशिक्षणाला ते आले नव्हते, म्हणून त्यांना कारणे दाखवा नोटीस गेली होती. ती त्यांनी अधीक्षकांच्या टेबलावर ठेवली.

"साहेब, मले प्रशिक्षणाचं पत्रच आलं नाही."

"सगळ्याईले गेलं. तुमालेच कसं नाही येत?"

"तेच मी विचारून राह्यलो. हा कागद तं बरोबर पोचला."

अधीक्षकांनी मला हाक मारली आणि मेल गेला होता का ते विचारलं. मी संगणकावर बघून 'गेला' असं सांगितलं. ते खोटं नव्हतं. यादीला मेल गेला होता. ग्रंथपालांनी माझ्याकडे एकदा बघितलं, पाकीट उचललं आणि "ठीक हाये" म्हणून निघून गेले. वाद घातला असता तर मी कदाचित विसरून गेले असते. ते वाद न घालता गेले म्हणून मला बसवेना.

मी सर्व्हरची नोंद उघडली. तिथे प्रत्येक प्रतीचं वेगळं लिहिलेलं असतं. त्यांच्या नावासमोर होतं की असा पत्ता इथे नाही. त्यांच्या आडनावात एक इंग्रजी अक्षर दोनदा येतं, ते मी एकदाच टाईप केलं होतं. त्यांना कुणी थेट लिहिलं की मेल पोचायचा, कारण त्यांची पेटी बरोबर नावानं होती. यादीतलं तेवढं चुकलेलं. मग मी ती बाजूची पेटी उघडली. दोन वर्षांची परतपत्रं. सर्व्हरनं प्रत्येक वेळी त्याच मिनिटाला सांगितलं होतं, पण आम्हाला, त्यांना नाही. ग्रंथपालांना पोचले नव्हते असे एकशे सात मेल निघाले.

अधीक्षकांना दाखवलं तर ते म्हणाले, "नोटीस मागे घेतो, तांत्रिक अडचण म्हनून. तू कायले मधात पडतं? तुह्यावर येईन."

"माझ्यावरच यायला पाहिजे, साहेब," मी म्हटलं, आणि घडलं ते लिहून सही करून दिलं. मला लेखी ताकीद मिळाली. ती माझ्या सेवापुस्तकात आहे.

शनिवारी मी बसनं अनसिंगला गेले. शाळा सुटली होती, ग्रंथपाल एकटेच पुस्तकांना नंबर चिकटवत होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि विचारलं, "म्हंजे दोन वर्षांपासून?"

"हो."

"मुख्याध्यापक सरांच्या निरोप समारंभाचंबी?"

तो मेल मी स्वतः टाकला होता. अनसिंगला असताना त्या सरांनीच यांना नोकरीला लावलं होतं, आणि पुढे बदली होऊन ते वाशिमच्या शाळेतून निवृत्त झाले. समारंभाला मी होते. सरांनी दोनदा विचारलं होतं, अनसिंगचे ग्रंथपाल दिसत नाहीत म्हणून.

"त्याचंही," मी म्हटलं.

त्यांनी हातातला नंबर पुस्तकावर चिकटवला. मग म्हणाले, "म्याडम, खरं सांगू? मले वाटलं, आपल्याले मुद्दाम नाही बोलवत. सगळे जाऊन आले, फोटो दाखवले. मी म्हनलं, असन. आमच्या बुद्धविहाराच्या गल्लीत मी पयला नोकरीवाला. असं काही झालं की आमी पयले तेच समजतो. आमाले तशी सवय हाये."

"तुम्ही विचारायला पाहिजे होतं," असं माझ्या तोंडून निघून गेलं.

"कोनाले? आन् कोन हो म्हनलं असतं?"

माझे वडील वाशिमजवळच्या मालेगावचे कापड दुकानदार. आम्ही जैन. कुठल्या कार्यक्रमाचं आमंत्रण चुकलं तर आमच्या घरी 'पत्रिका हरवली असेल' म्हणतात आणि फोन करून विचारतात. दुसरं काही असू शकतं हे आमच्या डोक्यातही येत नाही. परतीच्या बसमध्ये मी हाच विचार करत होते. मी माफी मागितली होती, त्यांनी मान हलवली होती. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत आणि मीही विचारलं नाही.

सोमवारी यादी दुरुस्त केली. मग एकेका शाळेला फोन लावून सगळ्यांचे पत्ते अक्षर अक्षर करून वाचून घेतले. त्याला आठवडा लागला. आणखी तीन चुकलेले निघाले. ग्रंथपालांना मी ते एकशे सात मेल हवेत का विचारलं, तर "एकच पाठवा, सरांचा" असं उत्तर आलं.

दिवाळीच्या सुट्टीआधी ते बैठकीसाठी वाशिमला आले. संध्याकाळी बसस्टँडवर ते अनसिंगच्या गाडीची वाट बघत होते, मी मालेगावच्या. तेच माझ्याजवळ आले.

"जऊळक्याले जाऊन आलो," ते म्हणाले. निवृत्त मुख्याध्यापक आता तिथे राहतात. "त्याईले मोबाइलमधलं पत्र दाखवलं. म्हनलं, सर, हे मले आता भेटलं."

"मग?"

"चष्मा लावून वाचलं. मग मलेच बोलले. म्हने, पत्र नव्हतं आलं तं तसंच यायचं होतं, मी का तुले पाहुना हावो?" ते हसले. "जेवल्याशिवाय येऊ नाही देलं. पिशवीभर संत्री देली."

त्यांची गाडी आधी लागली. खिडकीशी जागा मिळाल्यावर त्यांनी हात बाहेर काढून दोन संत्री माझ्या हातात दिली.