सासूबाईंनी वाढवलेली कादंबरी

माझ्या सासूबाईंइतकं मोठ्यानं वाचणारं माणूस आपल्या नाशिक जिल्ह्यात तरी दुसरं झालं नसेल, हे मी अगदी खात्रीनं सांगते. त्यांनी पुस्तक उघडलं की आमच्या कॉलनीतल्या समोरच्या तीन घरांना रेडिओ लावायची गरज उरत नसे. मनातल्या मनात वाचणं ही गोष्ट त्यांना मुळातच पटत नव्हती. लग्न होऊन मी या घरात आले ती सत्तरच्या दशकाची मधली वर्षं. मी डी.एड. झालेली, प्राथमिक शाळेत नोकरीला, आणि वाचनाचा थोडा तोरा असलेली. एका रविवारी भिंतीला टेकून गुपचूप वाचत बसले होते, तर त्या समोर येऊन उभ्या राहिल्या आणि मायेनं, पण ठामपणे म्हणाल्या, "सूनबाई, असं एकटीनं वाचू नये. चोरून खाल्ल्यावानी दिसतं."

त्या घोटीकडच्या. लहानपण भाताच्या खाचरात गेलं, शाळेची पायरी चढल्या नाहीत. बेचाळिसाव्या वर्षी कॉलनीतल्या विहारात बायकांचा प्रौढ वर्ग सुरू झाला, तेव्हा फक्त सही शिकायला म्हणून गेल्या आणि सही आल्यावरही उठेनात. त्यांनी आयुष्यात सलग वाचलेलं पहिलं वाक्य भिंतीवरचं होतं. सासऱ्यांबरोबर बाजारातून येताना रस्त्यात थबकल्या आणि एकेक अक्षर जुळवत खणखणीत आवाजात म्हणाल्या, "येथे लघवी करू नये." सासरे चार पावलं पुढे जाऊन आपला यांच्याशी काही संबंध नाही अशा चेहऱ्यानं उभे राहिले. घरी आल्यावर मात्र शेजाऱ्यांना त्यांनीच सांगितलं म्हणे, "अख्खं वाचलं. एक अक्षर चुकली नाय."

त्यानंतर त्या थांबल्याच नाहीत. गंगापूर रोडला एक छोटं वाचनालय होतं, तिथे त्या दर आठवड्याला पायी जात. पुस्तक वाचायचं ते मुखपृष्ठापासून. लेखकाचं नाव, छापखान्याचा पत्ता, आवृत्ती कितवी, सगळं बोट ठेवून, मोठ्यानं. मधलं काही गाळणं म्हणजे त्यांना ताटात टाकून उठल्यासारखं वाटे. गोष्टीतल्या माणसांशी त्यांचं भांडण कायम चालू असायचं. दुष्ट माणसाचं बोलणं आलं की त्या ते मुद्दाम नाकात वाचत, आणि फारच राग आला तर पुस्तक पालथं घालून कपडे धुवायला निघून जात. एका कादंबरीत लहान मुलगी तापानं दगावली, तर दुसऱ्या दिवशी पुस्तक घेऊन थेट वाचनालयात. तिथले ग्रंथपाल म्हणजे काडीसारखे, भिडस्त गृहस्थ.

"हिला दवाखान्यात येळेवर का नाय नेली?"

"आजी, हे मी नाही लिहिलं."

"मंग ठेवता कशाला?"

त्या बिचाऱ्यांनी उठून दुसरं पुस्तक दिलं, आणि देण्याआधी शेवटची चार पानं स्वतः चाळून पाहिली. पुढे तो शिरस्ताच पडला.

मला या सगळ्याचं तेव्हा नुसतं हसू यायचं. ते थांबलं आमच्या घरातल्या अबोल्यापासून. माझे सासरे एका कारखान्यात फिटर होते. साहेबांच्या हातापाया पडून त्यांनी मुलाला, म्हणजे माझ्या यजमानांना, तिथेच कायम नोकरीला लावलं होतं. चार वर्षांनी यजमानांनी ती नोकरी एका दुपारी सोडली आणि मित्राबरोबर भागीत जीप घेऊन सुरगाण्याच्या रस्त्यावर माणसांची ने-आण सुरू केली. कारखान्याच्या छपराखाली जीव गुदमरतो, एवढंच त्यांचं म्हणणं. सासऱ्यांना ते थोबाडीत मारल्यासारखं लागलं. त्या दिवसापासून बापलेक एकमेकांशी बोलेनासे झाले. घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत सासरे, आतल्या खोलीत मुलगा, आणि मधे मी, टपाल खात्यासारखी. "त्याला सांग, स्प्रिंगचा पाटा तुटलेली गाडी चालवू नकोस." "बाबांना सांग, पाटा कालच बदललाय." दोघांमधलं अंतर चार हात, पण निरोप माझ्याच तोंडून जायला हवा. असे चौदा महिने गेले. सासरे वाळत चालले होते, यजमानांचं घरातलं जेवण कमी झालं होतं, आणि वेगळं बिऱ्हाड करायची भाषा एकदा त्यांच्या तोंडून निघूनही गेली होती.

सासूबाईंनी दोघांनाही एका शब्दानं काही म्हटलं नाही. त्यांनी फक्त आपली वाचायची जागा बदलली. दिवेलागणीला भात शिजत ठेवून त्या दोन खोल्यांच्या मधल्या उंबऱ्याशी बसू लागल्या, आणि वाचनालयातून आणलेली एक जाडजूड कादंबरी त्यांनी सुरू केली. नदीवरचा एक नावाडी, त्याची एकुलती मुलगी, पूर, आणि नावेवर डोळा असलेला एक ठेकेदार, अशी ती गोष्ट होती. दोघेही ऐकत नसल्यासारखं दाखवत. सासऱ्यांच्या हातात वर्तमानपत्र असे, पण पान उलटत नसे. यजमान आत एकच तांब्या पुन्हा पुन्हा घासत बसत.

नावाडी पुरात नाव घेऊन गेला, त्या प्रकरणाच्या वेळी यजमानांची जीप सुरगाण्याच्या अलीकडे बंद पडली आणि ते दोन दिवस तिकडेच अडकले. मीही नेमकी येवल्याला माहेरी गेले होते. आम्ही दोघं एकाच संध्याकाळी घरी पोहोचलो. यजमान धुळीनं माखलेले, पाय धुवायच्या आधी त्यांनी विचारलं, "आई, नाव परत आली का गं?"

"मी वाचून मोकळी झाले," सासूबाई उद्याचे तांदूळ निवडत म्हणाल्या.

"मग सांग ना."

"सांगायचं काम माझं नाय. ज्यानं ऐकलं त्याला इचार."

आता, तोवर प्रत्येक पुस्तक त्यांनी पाण्याच्या नळावर सगळ्या बायकांना इत्थंभूत सांगितलेलं होतं. सांगायचं नाही हा नियम त्यांनी त्याच क्षणी काढला होता. ते प्रकरण ऐकलेलं दुसरं माणूस घरात एकच होतं. स्टोव्हचा तेवढा आवाज येत होता. मग बाहेरच्या खोलीत खाकरल्यासारखं झालं.

"आली," सासरे म्हणाले.

यजमान जागच्या जागी उभे. "आणि नावाडी?"

"तो नाय आला. नाव रिकामी आली."

"म्हणजे बुडाला?"

"ते कोणी पाह्यलं नाय. पोरीनं नावेची दोरी पाह्यली. कापलेली होती."

यजमान दारापर्यंत आले. "हे ठेकेदाराचं काम."

"मलाबी तसंच वाटतंय. पण तो त्या दिवशी बाजाराला गेला होता."

"बाजाराला गेला हे त्यानंच सांगितलंय ना, बाबा? कुणी पाहिलं त्याला?"

सासऱ्यांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. मग खाटेवर जरा सरकून त्यांनी जागा केली. "बस हितं. पहिल्यापासून सांगतो. तुझं निम्मं ऐकायचं राह्यलंय."

यजमान बसले. पाच मिनिटांत दोघांचे आवाज चढले. ठेकेदार दोषी की नाही यावर ते असे तुटून पडले, की जणू तो शेजारच्या गल्लीत राहत होता. मी घाबरून सासूबाईंकडे पाहिलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "भांडू दे. लय दिसांनी भांडत्यात." आणि त्यांनी भाताखालचा स्टोव्ह अगदी बारीक केला, जेवण लांबावं म्हणून.

नोकरीबद्दल ते दोघं पुढेही कधी बोलले नाहीत. माफी कुणी मागितली नाही. पण रोज संध्याकाळी त्यांना बोलायला माणसं मिळू लागली, पुस्तकातली. वेगळ्या बिऱ्हाडाचा विषय परत निघाला नाही.

पण त्या बाईंची खरी ताकद मला दिसली ती आणखी काही वर्षांनी, ऐंशीच्या दशकात. सासरे न्हाणीघरात घसरले, मांडीचं हाड मोडलं आणि त्यांना तीन आठवडे दवाखान्यात पडून राहावं लागलं. सासूबाई भेटीच्या वेळी पिशवीत पुस्तक घेऊन जात. हळू आवाजात वाचणं त्यांना जमणारच नव्हतं, त्यामुळे दुसऱ्या दिवसापासून सगळा वॉर्डच ऐकू लागला. चोरीला गेलेला आपला बैल शोधत गावोगाव हिंडणाऱ्या एका शेतकऱ्याची ती गोष्ट होती. शेजारच्या खाटेवर सुरगाण्याकडचा एक म्हातारा होता, त्याची म्हातारी खाली जमिनीवर बसलेली. त्याच्या पायाची जखम चिघळली होती. रोज इंजेक्शन आणि मलमपट्टी झाली नाही तर पाय कापावा लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण तिकडे डोंगरात नागलीचं पीक कापणीला आलेलं. म्हातारा रोज सकाळी गाठोडं बांधायचा, घरी जायला निघायचा. सासूबाईंचं वाचन सुरू झालं आणि तो म्हणू लागला, "उद्या जाऊ. बैल गावला का तेवढा ऐकू." सासूबाई धूर्त. बैलाच्या गळ्यातल्या घंटेचा आवाज पलीकडच्या आळीतून आला, की त्या पुस्तक मिटायच्या.

सासऱ्यांना घरी सोडलं त्या दिवशी वॉर्डातल्या सिस्टर सासूबाईंना बाजूला घेऊन म्हणाल्या, "आजी, शेजारच्या बाबांच्या इंजेक्शनांचे अजून नऊ दिवस आहेत. तुम्ही यायच्या थांबलात तर ते उद्याच पळतील."

सासूबाईंनी पुस्तक उघडून पाहिलं. उरलेली पानं अकरा. त्यांच्या दृष्टीनं ती एका बैठकीची होती. "येते मी," त्या म्हणाल्या.

चौथ्या दिवशी शाळा लवकर सुटली म्हणून मी त्यांच्याबरोबर गेले. ते पुस्तक मी आधी वाचलेलं होतं. त्या नेहमीसारख्या बोट ठेवून वाचू लागल्या आणि थोड्याच वेळात माझे कान टवकारले. शेतकरी घोटीच्या बाजारात पोहोचला होता. पुस्तकात घोटी नव्हतं. त्याला तिथे भाताच्या गोणीवर बसलेली एक बाई भेटली. पुस्तकात तीही नव्हती. ती बाई त्याला म्हणाली, तुझा बैल मी काल सुरगाण्याच्या घाटानं जाताना पाहिला. सासूबाईंचं बोट ओळीवरून सरळ पुढे सरकत होतं, पान संपलं की त्या पान उलटत, मग कुणाचं लक्ष नाही असं पाहून अलगद मागे घेत. आणि खाटेवरचा म्हातारा उठून बसला होता. "आमचा घाट! ऐकलंस का गं, आमचा घाट आला पुस्तकात!" म्हातारी तोंडाला पदर लावून ऐकत होती. पलीकडचा प्लास्टरमधला माणूस म्हणाला, "आजी, थांबू नका."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "आई, हे कुठून काढलंत?"

"घोटीचं माझं," त्या म्हणाल्या. "घाट तुझ्या नवऱ्यानं सांगितला. कुठं वळण, कुठं पाणी, कुठं सागाचं रान, समदं त्याला ठावं. अन् त्या बाईनं खोटं बोलायचं का खरं, ते तुझे सासरे आज ठरवणारेत."

घरी जाऊन पाहते तर खरंच. सासरे खाटेवर पाय लांब करून, यजमान त्यांच्या पायाशी, आणि उद्या बैलानं कुठे जायचं यावर खलबत चाललेलं. यजमान म्हणत होते शेतकऱ्याला एखादी जीप भेटू द्या, बिचारा किती चालेल. सासरे म्हणाले, "जीप आली तर दोन तासांत गावंल बैल. मंग त्या म्हाताऱ्याच्या पायाचं काय?" ते ऐकून यजमानांनी गोष्टीतून जीप काढून घेतली.

मी जरा बिचकत म्हटलं, "पण आई, हे खोटं नाही का?"

"पहिल्यापासूनच खोटं हाय ना गं," त्या म्हणाल्या. "इतके दिस लिहिणाऱ्यानं सांगितलं. आता आपण सांगू."

मी थक्क झाले. मला दहा ओळींचा निबंध मुलांकडून घोकून घ्यायची सवय. आणि इथे बेचाळिसाव्या वर्षी अक्षर गिरवलेली बाई, एक फिटर आणि एक जीपवाला, तिघं मिळून कादंबरी रचत होते.

नऊ दिवस बैल सापडला नाही. दहाव्या दिवशी डॉक्टरांनी म्हाताऱ्याला घरी जायची परवानगी दिली, पायासकट. त्या दुपारी सासूबाईंनी पुस्तकातलं खरं शेवटचं पान वाचलं, त्यात बैल चार ओळींत सापडतो. म्हातारा खाटेच्या कडेला बसून सगळं ऐकत होता. वाचन संपल्यावर म्हणाला, "मधी लय ब्येस होतं, बाई. शेवट घाईत केला." सासूबाईंनी मान डोलावली. म्हाताऱ्या-म्हातारीला यजमानांनीच जीपनं सुरगाण्याला सोडलं. सासऱ्यांना काठी टेकून चार पावलं टाकता येऊ लागली होती, तेही हट्टानं पुढच्या सीटवर बसून घाट पाहायला गेले. रात्री उशिरा बापलेक परतले. सासरे म्हणाले, "आपण सांगितला त्यापरीस लय मोठा हाय."

आता सासरे नाहीत, सासूबाईही नाहीत. परवा एका ग्रंथप्रदर्शनात ती बैलाची कादंबरी मला दिसली, नव्या आवृत्तीत. विकत घेऊन घरी आणली आणि घोटीचा बाजार शोधत बसले. तो त्यात नसणार हे मला माहीत होतं, तरी पानं उलटत राहिले. यजमानांना विचारलं, त्या गोणीवरच्या बाईचं पुढे काय झालं हो? त्यांनी बराच वेळ आठवून पाहिलं. घाट त्यांना वळणावळणानं आठवत होता. बाई मात्र नाही आठवली. ते नऊ दिवस कुणीच लिहून ठेवले नव्हते, आणि घरात शिकलेली तेवढी मीच होते.