इंग्रजी ढोरांचा दवाखाना

इंग्रजी भाषेला काय आजार आहे हे नेमकं सांगू शकणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो ढोरांच्या दवाखान्यातून रिटायर झालेला होता. नात्याने ते माझ्या वहिनीचे वडील. मी त्यांना काकाजी म्हणते. माझ्या क्लासमधली पोरं त्यांना डॉक्टर सर म्हणायची. खरं तर ते डॉक्टरही नव्हते आणि सरही नव्हते. तेल्हारा तालुक्यात, हिवरखेडच्या बाजूला, त्यांची जवळपास सगळी नोकरी मलमपट्टी करण्यात, इंजेक्शनच्या सुया उकळण्यात आणि गाय विताना अडली की कोपरापर्यंत हात घालण्यात गेली. डॉक्टर साहेब आठवड्यातून दोनदा यायचे. उरलेले दिवस दवाखाना म्हणजे काकाजी.

त्या दवाखान्यात रद्दीतून त्यांना एक पुस्तक मिळालं होतं. कव्हर फाटलेलं, सुरुवातीची पानं गेलेली. इंग्रजी वाक्प्रचारांचं. औषधांच्या बाटल्यांवरचं इंग्रजी वाचून वाचून त्यांची अक्षरओळख पक्की होती, त्यामुळे दुपारच्या रिकाम्या वेळात ते हे पुस्तक लावू लागले आणि चकित झाले. जिकडे पाहावं तिकडे जनावरं. घोडा, बैल, मेंढी, मांजर, कुत्रा, हत्ती. त्यावरून त्यांनी एक निष्कर्ष काढला आणि तो पुढची तीस वर्षं बदलला नाही. "साहेब म्हनून आपन उगाच भेलो त्याईले," ते म्हणायचे, "हे लोक मुळातले ढोरंवालेच व्हय." पण पुढे वाचत गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की या ढोरंवाल्यांना ढोरांमधलं फारसं कळत नाही. तेव्हापासून प्रत्येक वाक्प्रचार तपासून दुरुस्त करणं हे त्यांनी आपलं काम मानलं.

तपासायची पद्धतही दवाखान्याचीच. एका जाड रजिस्टरमध्ये ते प्रत्येक वाक्प्रचाराचा केसपेपर करायचे. जनावर, नर की मादी, तक्रार काय, तपासणीत काय दिसलं, उपचार. ‘टेक द बुल बाय द हॉर्न्स’ या नोंदीत उपचाराच्या रकान्यात लिहिलं होतं: शिंगांना हात लावू नये, वेसण धरावी. वर्गात हे शिकवताना ते डाव्या हाताची बाही वर करून एक लांब व्रण दाखवायचे आणि म्हणायचे की शिंग धरलं तर माणूस सरकारी दवाखान्यात जातो आणि बैल आपल्या घरी जातो. ‘डार्क हॉर्स’ समोर लिहिलं होतं: तक्रार नाही, रंग हा आजार नव्हे. ‘बटरफ्लाइज इन द स्टमक’ समोर जंताचं औषध, उपाशीपोटी. मांजरं-कुत्री पडण्याइतका पाऊस पडतो या नोंदीपुढे त्यांनी हाडं मोडल्याची शक्यता लिहून दोन्ही जनावरांच्या पायांना फळ्या बांधायला सांगितलं होतं. ‘फ्लॉग अ डेड हॉर्स’ मात्र त्यांना सहनच व्हायचं नाही. मेलेल्या घोड्याला कोण मारतो, त्याचं नाव काय, गावचा की बाहेरचा, हे त्यांना कळायला हवं होतं. मगर आणि हत्ती यांच्याबद्दल ते बोलत नसत. ही जनावरं आपल्या दवाखान्यात कधी आली नाहीत, मग न पाहिलेल्या पेशंटवर मत कसं द्यायचं, असं त्यांचं म्हणणं.

एकदा ‘स्ट्रेट फ्रॉम द हॉर्सेस माउथ’ वर त्यांनी लाल शाईने ‘एकदम बरोबर’ लिहिलं. कारण विकणारा काहीही सांगो, घोड्याचं खरं वय त्याच्या दातांवरून कळतं, म्हणून खरी बातमी घोड्याच्या तोंडातूनच. मी गाइड पाहिलं, त्यात नुसता अर्थ होता, कारण नव्हतं. मग मोबाइलवर शोधलं, तर तिथेही हेच कारण दिलेलं. इतकी वर्षं इंग्रजी शिकवून हे मला माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला थोडा रागच आला.

मी अमरावतीत आठवी ते दहावीचे क्लास घेते. गणित आणि इंग्रजी. मी व्यवहारी बाई आहे, नातेवाइकांना कामावर ठेवत नाही. पण दोन वर्षांपूर्वी वहिनीचा अकोल्याहून फोन आला. आई गेल्यापासून बाबा रिटायर झाल्यावर घेतलेल्या अमरावतीच्या दोन खोल्यांत एकटे आहेत, जेवतात की नाही कळत नाही, अकोल्याला चला म्हटलं तर येत नाहीत, असं ती रडत सांगत होती. जावयाच्या घरी राहायचं हे त्यांना मरणाहून वाईट वाटत होतं. त्यांनी तिला एवढंच कबूल केलं होतं की हाताला काम असेल तोवर अमरावती, काम संपलं की ती म्हणेल तिथे. आणि त्यांना काम देईल असं आता गावात कोणी नव्हतं. वहिनी म्हणाली, आठवड्यातून एक तास द्या. मी शनिवारी चार ते पाच हा तास दिला.

तो तास म्हणजे त्यांचं राहतं घर होतं, हे मला कळत होतं. मुद्दाम सांगते, कारण नंतर मी जे केलं ते न कळता केलं असं कोणाला वाटू नये.

मी त्यांच्या लेकीची नणंद. म्हणजे वयाने मी त्यांच्या मुलीसारखी असले तरी मानाने वरची. ते मला ताई म्हणायचे, तुम्ही म्हणायचे, मी वर्गात आले की उठून उभे राहायचे, आणि त्यामुळे चाळीस पोरंही उठून उभी राहायची. लेकीच्या सासरच्यांकडे खायचं-प्यायचं नाही हा त्यांचा नेम. म्हणून माझ्याकडचं पाणीसुद्धा ते घेत नसत, घरून बाटली आणायचे. मी एकदा चहा पुढे केला तर त्यांनी कप हातात घेतला, कौतुकाने पाहिला आणि तसाच खाली ठेवला. खुर्चीवर बसायचे ते अगदी कडेला, कोणी उठवायला आलं तर वेळ जायला नको असे.

पोरं त्यांच्या तासाला एकही दिवस बुडवत नसत. माझ्या तासाला बुडवत. वर्गातून हसण्याचे आवाज यायचे, कोणी बैलासारखं, कोणी घोड्यासारखं ओरडायचं. मी ऑफिसात बसून ऐकायची आणि म्हणायची, चालू द्या, एक तासच आहे. मग सहामाहीचे पेपर आले. ‘बुल बाय द हॉर्न्स’ चा अर्थ लिहा, या प्रश्नाला, संकटाला थेट भिडणं असं लिहायचं सोडून, माझ्या अकरा पोरांनी बैलाला वेसणीने कसं धरावं ते लिहिलं होतं. एकाने आकृती काढली होती. ‘स्मेल अ रॅट’, म्हणजे संशय येणं, याला एका हुशार मुलीने लिहिलं, घरात उंदीर मेला आहे, माळा तपासावा. सगळ्यांना शून्य.

मी काकाजींशी बोलले. गाइडमधला अर्थ आधी सांगा, मग तुमचा सांगा, असं ठरलं. त्यांनी ते प्रामाणिकपणे पाळलं. पाच मिनिटं गाइडमधला अर्थ लिहून द्यायचे आणि मग फळा पुसून म्हणायचे, "आता खरं पाहू." पोरांच्या लक्षात काय राहणार हे सांगायला नको.

तरीही मी चालवून घेतलं असतं. घात केला काळ्या मेंढीने.

‘ब्लॅक शीप’ म्हणजे घराण्याला बट्टा लावणारा, असं गाइड म्हणतं. काकाजींना हे ऐकूनच वाईट वाटायचं. आमच्याकडचा कुठलाही मेंढपाळ सांगेल, काळी मेंढी घरची लक्ष्मी. तिच्या लोकरीची घोंगडी रंगवावी लागत नाही, तिचा रंग उन्हात उडत नाही, पावसात उतरत नाही. कळपात काळी मेंढी जन्मली की धनगर आनंदतो. तेव्हा घराण्यातली काळी मेंढी म्हणजे घराण्यातला सगळ्यात कामाचा माणूस. हे त्यांनी इतकं मन लावून शिकवलं की नववीतल्या एका वलगावच्या मुलीच्या मनात ते कायमचं बसलं. तिच्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये इंग्रजी भाषणाची स्पर्धा होती, विषय ‘माझं कुटुंब’. मुलगी धीट, उच्चार स्वच्छ. शेवटी तिने पहिल्या रांगेत बसलेल्या बापाकडे हात करून म्हटलं, "माय फादर इज द ब्लॅक शीप ऑफ अवर फॅमिली, अँड आय ॲम प्राउड ऑफ हिम."

बापाला इंग्रजी येत नव्हतं. लेकीने आपल्याकडे हात केला म्हणून त्यांनी उठून हात जोडले. व्यासपीठावरचे पाहुणे हसले, मग शिक्षक हसले, मग सगळा हॉल. शेजारच्या माणसाने मोबाइलवर अर्थ काढून दाखवला तेव्हा ते उभेच होते.

त्यांचं वलगावात बियाण्यांचं दुकान. त्याच वर्षी भावांपासून वेगळे झालेले, आणि वाटणीत कोणाचं चुकलं यावर अर्धं गाव एकीकडे, अर्धं दुसरीकडे. आता सख्ख्या लेकीनेच माइकवर निकाल दिला असं झालं. दोन दिवसांनी ते माझ्याकडे आले. भांडले असते तर मी सांभाळलं असतं, मला भांडणाऱ्या पालकांची सवय आहे. ते खुर्चीत बसले, रुमालाने तोंड पुसलं आणि हळूच विचारलं, "मॅडम, असं काहून शिकवता तुमी?" मुलगी दोन दिवस जेवत नव्हती. तिला बापाचा गौरव करायचा होता.

मी शनिवारी काकाजींना सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. मुलगी जेवली का, हे त्यांनी आधी विचारलं. मग म्हणाले, "पन ताई, मी तं खरंच सांगून राहिलो. कोन्याबी मेंढपाळाले विचारा."

"पेपर मेंढपाळ तपासत नाही, काकाजी."

त्यांनी यावर विचार केला. मनापासून केला, कपाळाला आठ्या घालून. मग म्हणाले, "तोच तं फॉल्ट आहे."

त्या आठवड्यात चार मुलांनी क्लास सोडला. पुढच्या आठवड्यात आणखी तीन. दहावीच्या पालकांनी बैठक मागितली. मी हिशेब लावला तसा कोणीही लावला असता. एका बाजूला शंभरेक पोरांचं वर्ष, दुसऱ्या बाजूला एका म्हाताऱ्या माणसाचा एक तास. आकडे सरळ होते. मी आजवर किती बापांना तोंडावर सांगितलंय की तुमच्या मुलाच्याने इंजिनिअरिंग होणार नाही. मला असलं बोलायला जड जात नाही. तरी यावेळी मी वाक्यं ठरवून गेले, कारणं ओळीने लावली, ते काय म्हणतील त्याची उत्तरंही तयार ठेवली.

तास संपला होता. ते फळा पुसत होते. मी म्हटलं, "काकाजी, पुढच्या शनिवारपासून..."

"समजलं, ताई," ते म्हणाले.

बस, एवढंच. का, हे त्यांनी विचारलं नाही. लेकीच्या सासरच्या माणसाला ‘का’ असं विचारायचं नसतं. मी दुसऱ्या कोणाची कोणी असते तर ते तावातावाने भांडले असते, रजिस्टर उघडून पुरावे दाखवले असते, आणि मला माझी कारणं वापरता आली असती. माझी सगळी कारणं तशीच राहिली. त्यांनी फळा कोपऱ्यापर्यंत पुसला, डस्टर जागेवर ठेवलं, आणि उलट मलाच म्हणाले, "दोन वर्सं निभावून घेतलं तुमी. तुमी होत्या म्हनून." मग पाण्याची बाटली पिशवीत घातली आणि गेले. पंधरा दिवसांत त्यांनी खोल्या रिकाम्या केल्या. वहिनीचा फोन आला. ती फार खूश होती. तुमच्यामुळे बाबा आले, नाही तर आलेच नसते, तुमचे उपकार कसे फेडू, असं म्हणत होती.

परवा कामासाठी अकोल्याला गेले होते, तेव्हा दादाकडे गेले. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. दादा-वहिनी कामावर होते. काकाजी एकटेच गॅलरीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर कडेला बसले होते. तब्येत चांगली होती, दोन किलो वजनही वाढलं असेल. आता लेकीच्या घरचं खाणं भाग आहे. पंखा लावायचा असला तर ते लावू का म्हणून विचारतात, असं वहिनीने फोनवर सांगितलं होतं. त्यांनी माझ्या क्लासची चौकशी केली. पोरांना आता मार्क मिळतात का, विचारलं. मिळतात म्हटलं. "मंग चांगलं झालं," म्हणाले. खरोखर बरं वाटल्यासारखे म्हणाले. रजिस्टरचं मी विचारलं नाही.

तेवढ्यात खाली रस्त्यावर गलका झाला. एका बाईच्या हातात शेळीची दोरी होती आणि शेळी पुढचे पाय दुमडून बसत होती. चार माणसं जमली, जो तो काहीतरी सांगत होता. काकाजी कठड्याशी उभे राहिले आणि त्यांचा आवाजच बदलला.

"डावं अंग पायलं का, ताई? फुगलं तिचं. शिळंपाकं खाल्लं असन. तिले बसू देऊ नका म्हना, उभी धरा." तिथून कोणाला ऐकू जाणार नव्हतं. मग ते माझ्याकडे वळले. "जाऊ का मी? बिल्डिंगीतले लोक पायतीन. तुमच्या भावाले चालन का?"

आयुष्यभर ढोरांच्या पोटात हात घालून जीव वाचवलेला माणूस, शेळीजवळ जाऊ का, असं मला विचारत होता.

"जा, काकाजी," मी म्हटलं.

ते चपला घालून निघाले. जिना उतरायला त्यांना वेळ लागला. मी गॅलरीतून पाहत होते. ते फाटकातून बाहेर आले तेव्हा लोकांनी शेळी उचलून ऑटोत घातली होती, बाई शेजारी बसली होती आणि ऑटो वळणाशी पोचला होता. काकाजींनी एकाला काही विचारलं. त्याने रस्त्याकडे हात केला आणि तो आपल्या वाटेने गेला. माणसं पांगली. काकाजी रस्त्याच्या मधोमध, ऑटो गेला त्या दिशेला पाहत उभे राहिले. जिना उतरता उतरता त्यांनी दोन्ही बाह्या कोपराच्या वरपर्यंत दुमडल्या होत्या. पाठीमागे स्कूटरवाला हॉर्न देत होता तेव्हा ते बाजूला झाले. एक बाही खाली केली, बटण लावलं. मग दुसरी. मग त्यांनी वर पाहिलं. मी हात केला. त्यांनीही केला, पण नुसता नाही. आधी हात जोडले, जरासे वाकले, लेकीच्या नणंदेपुढे वाकावं तसे, आणि फाटकाकडे वळले.