बिनपट्ट्यांचा हंस

लग्नानंतरचा पहिला हिवाळा. जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघंच. नवरा, मी आणि सासरे. सासूबाई मी येण्याआधीच गेल्या होत्या. सासरे मूळचे मैंदर्गीचे, निवृत्त शिक्षक. मुलाशी कन्नडमध्ये बोलत, माझ्याशी मराठीत, आणि तेही कामापुरतं. मला वाटायचं, मी त्यांना आवडलेच नाही.

त्यांचा जीव पक्ष्यांत. त्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी महिनाभर गाडी चालवायची नाही म्हणून बजावलं. नवरा सकाळीच ड्यूटीवर जायचा. दुर्बीण हातात घेऊन खिडकीशी बसलेले सासरे मला बघवेनात. मी त्यांना मामा म्हणायची.

"मी नेते की मामा, स्कूटरवर," मी म्हणाले.

हिप्परग्याच्या तलावाकाठी बसलो की ते एकदम बोलके व्हायचे. "डोक्यामागं दोन काळे पट्टे दिसले की तो हंस पट्टकादंब. तो तांबूस आहे ना, तो चक्रवाक. लोक त्यालाही हंस म्हणतात, पण तो धड हंस नाही आणि धड बदकही नाही."

"आणि पट्टेच नसले तर?"

"तर कलहंस. थोराड, चोच आणि पाय गुलाबी. इतकी वर्षं वाट बघतोय, मला हितं एकदाही दिसला नाही."

पुढच्याच आठवड्यात त्यांनी माझा दंड घट्ट धरला. "नोडव्वा! बघ, बघ!" चिखलात चरणाऱ्या थव्यात एक करडा हंस होता, चोच-पाय चिखलानं माखलेला, डोक्यावर एकही पट्टा नसलेला. मामांनी वहीत लिहिलं, फोटो काढला, पक्षीवाल्यांच्या ग्रुपवर टाकलाही. घरी येईपर्यंत अभिनंदनाचे मेसेज सुरू झाले. त्या दिवशी ते जेवताना हसत होते, भाकरी मागून घेत होते.

मला मात्र तो कलहंस वाटत नव्हता. माझं माहेर करमाळ्याकडचं, उजनीच्या पाण्याकाठी आमचं रान. हरभऱ्यात हे पट्टेवाले हंस उतरायचे आणि आई मला घेऊन राखणीला बसायची. तिनंच दाखवलं होतं, ह्यांची पिल्लं पहिल्या हिवाळ्यात बिनपट्ट्यांचीच असतात. पण नव्या सुनेनं हे सासऱ्यांना सांगायचं कसं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच म्हणाले, "मामा, परत जाऊया?"

तो हंस तिथंच होता. मी धीर करून म्हणाले, "तो कुणाबरोबर चालतोय, तेवढं बघा ना."

तो दोन पट्टेवाल्यांच्या मधून चालत होता. मागं पडला की ते दोघं थांबत. दुसरा कुणी जवळ आला की त्यातला एक मान खाली घालून त्याच्या अंगावर धावे. मग तिघंही पाण्यात उतरले, पलीकडं बाहेर आले, आणि त्याच्या पायाचा-चोचीचा चिखल धुऊन गेला. पाय पिवळट होते, चोचही पिवळट.

मामांनी दुर्बीण खाली ठेवली. मला वाटलं, चुकलंच आपलं.

"तुला कालच ठाऊक होतं?"

"व्हय," घाबरून माहेरचीच भाषा तोंडी आली. "तुमी लई खूश होता, मामा."

त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले, फोन घेतला आणि सावकाश टाइप करून मला दाखवलं: 'काल कळवलेला कलहंस नव्हे, पट्टकादंबाचं पिल्लू आहे. चूक माझी. ओळख आमच्या सुनेनं पटवली.'

"राहू द्या ना मामा, लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. खरं ते खरं." त्यांनी मेसेज पाठवला आणि विचारलं, "हे तुला कुणी शिकवलं?"

"आईनं."

"लाव तिला फोन."

आई दचकलीच. एवढ्या सकाळी व्याह्यांचा फोन म्हटल्यावर तिला काळजी वाटली. मामा म्हणाले, "काळजीचं काही नाही हो, विहिणबाई. मला सांगा, हरभऱ्यात उतरताना ही पिल्लं आधी उतरतात का आई-बाप?"

पलीकडून आईचं हसू मला ऐकू आलं. मग ती सांगत राहिली आणि मामा गुडघ्यावर वही ठेवून शाळेतल्या मुलासारखे उतरवून घेत राहिले.