भिंतीच्या पाठची बाजू

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी तळोज्याच्या कारखान्यात जेवत होते. "निघते," म्हणाले, फोन ठेवला आणि डब्यातली उरलेली पोळी संपवली. त्याला आता महिना होऊन गेला. रडू अजून आलेलं नाही. येईल तेव्हा येईल...

मामा तुर्भ्याच्या डोंगरातल्या दगडखाणीत सुरुंग लावायचे. मराठवाड्यातलं गाव सोडून ते आणि त्यांचा मित्र सोपान एकाच दिवशी इथे आले, एकाच खाणीत लागले. मामा वात पेटवायचे, सोपानकाका माणसं लांब न्यायचे. एका दुपारी वात पेटली आणि सोपानकाका अजून मोकळ्यावरच होते. पळायला वेळ नव्हता. मामा ओरडले, "भिंतीच्या आड हो!" दोन खड्ड्यांच्या मधे राखलेली ती कातळाची भिंत चांगली दोन हात जाड. सुरुंग तिच्या अलीकडे, अगदी खेटून. सोपानकाका पलीकडे तिला पाठ टेकून उभे राहिले. स्फोट झाला, भिंत जागची हलली नाही. पण तिच्या पाठच्या बाजूने दगडाची एक लादी सुटली आणि सोपानकाकांचा उजवा पाय गुडघ्याखाली कायमचा गेला.

सोपानकाका कळंबोलीला मुलीकडे राहायला गेले. त्या घराची पायरी मामा कधी चढले नाहीत. लग्नकार्यात सोपानकाका दिसले की मांडवातून निघून यायचे. पुढे खाण बंद पडली, मामा एका सोसायटीत वॉचमन झाले. तरी मधेच कधीतरी म्हणायचे, "भिंतीला तडा न्हाई गेला... मग लादी सुटली कशी?"

तेव्हा मी इंजिनिअरिंगला होते. तिसऱ्या वर्षी सरांनी फळ्यावर तसलीच भिंत काढली. त्या शनिवारी मी मामांसमोर कॅरमच्या सोंगट्या चिकटून रांगेत ठेवल्या आणि एका टोकाला स्ट्रायकर मारला. मधल्या जागेवरच राहिल्या, शेवटची तेवढी सुटून गेली.

"मामा, दणका दगडातून असाच जातो. पलीकडच्या मोकळ्या बाजूला पोचला की उलटा फिरतो आणि दगडाला ताण देतो. दगड दाब सोसतो, ताण नाही सोसत. म्हणून लादी तिथली निघते."

त्यांनी सुटलेली सोंगटी बोटाने परत रांगेला लावली. "म्हंजे भिंतीपासून जरा लांब उभा ऱ्हा म्हणलो असतो, तर..."

मला वाटलं होतं, त्यांना सुटल्यासारखं होईल. मी सोंगट्या गोळा करत राहिले.

दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "कळंबोलीला चल." दारातच त्यांनी एका दमात सांगून टाकलं, "सोपान, भिंतीला चिकटून उभं करायला नको होतं म्या तुला."

सोपानकाका कुबडी सावरत म्हणाले, "दिगू, मोकळ्यावर असतो तर मेलोच असतो की. एवढं बोलायला इतकी वर्षं लावलीस व्हय?" मग मुलीला म्हणाले, "चहा टाक गं."

मामांनी चहा बशीत ओतून घेतला. त्यानंतर छातीतला दम पुरेपर्यंत ते दर रविवारी कळंबोलीला गेले.

मामांची कॉट अजून खोलीच्या मधोमध आहे. अपघातानंतर त्यांनी ती कधीच भिंतीला लावू दिली नाही. एवढीशी खोली, येता-जाता सगळ्यांचे गुडघे तिच्यावर आपटतात. परवा मी मामींना विचारलं, "आता सरकवू या का?"

मामींनी चादरीची सुरकुती सारखी केली. "राहू दे."

मग आम्ही दोघी कॉटला वळसा घालून ओट्याकडे गेलो.