शमीमभाभींची बंद बॅग

बॅग भरणं ही काही शिकण्याची गोष्ट आहे असं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. कपडे कोंबायचे, चेन ओढायची, नाही बसलं तर वरून गुडघा द्यायचा. आमच्या घरी सगळे असंच करत आले आणि कुणाचं काही अडलं नाही. कोपरखैरण्यात आमच्या वरच्या मजल्यावर शमीम हुर्जुक राहायला आल्या आणि पहिल्याच वर्षी त्यांनी मला ऐकवलं, "क्रांतीताई, ही बॅग हाय की गोधडीचं बोचकं?" मला राग आला. पण माझा मुलगा निशांत तेव्हा नोकरीला सिमल्याला निघाला होता आणि त्यांनी तासाभरात ते बोचकं सोडून अशी बॅग लावून दिली, की राग धरून ठेवणं मलाच जड गेलं.

त्यांचे मिस्टर कासिमभाई मालवाहू बोटीवर होते. ही मंडळी मूळची म्हसळ्याकडची, तिकडे घरटी एक माणूस बोटीवर नाहीतर आखातात असतो. कासिमभाई वर्षातले आठ-नऊ महिने बाहेर. एकाच फेरीत ते आफ्रिकेच्या उन्हात भाजून निघायचे आणि तीच बोट पुढे नॉर्वेच्या बर्फात जायची. भाभी आधी विचारून घ्यायच्या, बोट कुठून कुठे जाणार. मग शेवटचं बंदर तळाला आणि पहिलं बंदर वर, अशा बेताने कपड्यांचे थर लावायच्या. बंदर आलं की कासिमभाईंनी वरचा थर काढायचा, बास. निम्मं जग बघून आलेल्या त्या गृहस्थाला स्वतःच्या टॉवेलची घडी घालता येत नव्हती, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

भाभींचा एकच कडक नियम होता. बॅग बंद करून, वर हात ठेवून त्यांनी दुवा पुटपुटली, की ती बॅग घरात कुणी उघडायची नाही. हा नियम पहिल्यापासूनचा नव्हता. एका वर्षी बॅग बंद झाल्यावर कासिमभाईंची एक आतेबहीण कुणासाठी तरी मसाल्याची पुडी घेऊन आली. तिचं मन मोडायला नको म्हणून भाभींनी चेन उघडली, पुडी सारली, पुन्हा बंद केली. त्याच फेरीत सोमालियाच्या बाजूला चाच्यांनी बोट पकडली. कित्येक महिने कासिमभाई आहेत की नाहीत हेच कळेना. भाभी त्या दिवसांत जेवायला बसायच्या आणि ताटावरून तशाच उठायच्या. कासिमभाई परत आले, निम्मे होऊन आले, पण आले. तेव्हापासून बंद बॅग म्हणजे बंद. आमच्या घरात असल्या गोष्टींना माझ्या वडिलांनी कधीच थारा दिला नाही, त्यामुळे मला हे अजिबात पटायचं नाही. मी तसं त्यांना बोलूनही दाखवलं. त्या ऐकून घ्यायच्या, चहा द्यायच्या आणि नियम तसाच ठेवायच्या.

कासिमभाई निवृत्त झाले, बॅग माळ्यावर गेली, आणि मला वाटलं विषय संपला.

मग त्यांची मुलगी सहर कॅनडात एडमंटनला गेली, नवऱ्याबरोबर. गेल्या वर्षी तिला दिवस गेले होते. भाभींनी व्हिसाला अर्ज केला, तो काही वेळेवर आला नाही, आणि सातव्या महिन्यात सहरचं बाळ गेलं. पोरगी तिकडे परक्या गावात, नवरा कामावर, आणि आई इथे बाल्कनीत फोन हातात धरून उभी. त्या संध्याकाळी मी वर गेले तेव्हा भाभी एवढंच म्हणाल्या, की मी तिथं असायला हवं होतं. तेव्हापासून त्या जरा कमीच बोलायला लागल्या.

यंदा सहरला पुन्हा दिवस गेले आणि व्हिसा वेळेत आला. भाभींनी ठरवलं, आधी पनवेलच्या एका ग्रुपबरोबर उमरा करायचा, म्हणजे हजसारखीच पण छोटी यात्रा, मक्केत बाळासाठी दुवा मागायची आणि तिथूनच पुढे कॅनडाला जायचं, ते थंडी संपेपर्यंत. कासिमभाई बरोबर जाणार होते, पण उन्हाळ्यात त्यांचं बायपास झालं आणि डॉक्टरांनी लांबच्या प्रवासाला साफ नकार दिला. म्हणजे ज्या बाईने उभा जन्म दुसऱ्याच्या बॅगा भरल्या, ती पहिल्यांदा विमानात बसणार ती एकटीच. मक्केत अंग भाजणारं ऊन, पुढे एडमंटनला बर्फ. आणि आपल्याकडे भादव्याची ती चिकचिक, ज्यात लोकरीच्या कपड्याकडे बघूनही घाम येतो.

गणपती उठले आणि माळ्यावरची बॅग खाली आली. बोटीवरचीच, निळी, एखादं पोर आत झोपेल एवढी. तळाला कॅनडा गेलं. कासिमभाईंनी कुठल्यातरी बंदरावर घेतलेले लोकरीचे आतले कपडे, भाभींनी कापून-शिवून आपल्या मापाचे केलेले, कानटोपी, जाड मोजे. वर मक्का. सुती पायघोळ अबाये, पातळ ओढण्या, उमऱ्यात सुगंध चालत नाही म्हणून बिनवासाचा साबण. आणि मध्ये सहरचं बाळंतपण. अळीव, डिंक, बाळंतशोपा, खारीक, बाळाला बांधायला जुन्या साड्यांचे मऊ तुकडे. ते तुकडे मीच दिले होते, माझ्या आईच्या साडीचे.

एवढ्यावर थांबलं असतं तर प्रश्न नव्हता. पण या लोकांत कुणी परदेशी निघालं, की सगळं गोत पिशव्या घेऊन येतं. सुके बोंबील आले, जवळा आला, तांदळाचं पीठ आलं, कुणाच्या दिराच्या मुलाला म्हणून पापड आले. नाही म्हणायची पद्धतच नाही. भाभींनी सगळ्याला जागा केली. निघायच्या आदल्या दिवशी मी वर गेले तर त्या बॅगेचा कान धरून ती जमिनीपासून वीतभर उचलत होत्या. "बरोबर हाय," म्हणाल्या. मग चेन ओढली, हात ठेवला, दुवा म्हटली. झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निशांतने दिलेला वजनकाटा घेऊन गेले. हूक लावून उचलायचा असतो तो. खरं सांगायचं तर मला तो मिरवायचा होता. कासिमभाईंना ओझं उचलायची मनाई, म्हणून सोसायटीच्या वॉचमनला, शिवाला, वर बोलावलं. आम्ही दोघांनी मिळून बॅग उचलली आणि काट्यावर चाळीसच्या वरचा आकडा आला.

मी तिकीट मागून घेतलं. दोन बॅगा चालतील, प्रत्येकी तेवीस किलो. एवढी जड एक बॅग विमानवाले घेणारच नव्हते. भाभी म्हणाल्या, काटा खोटा आहे, इतकी वर्षं चाळीस किलोच तर भरत आलो. तेव्हा कासिमभाईंनी कपाळाला हात लावला. ते चाळीस किलो खलाशाच्या तिकिटावर मिळायचे. बोटीवर जाणाऱ्याला सामान जास्त नेऊ देतात. भाभींच्या हाताला तेच वजन पाठ झालं होतं, आणि त्यांना काय माहीत, की सगळ्यांना तेवढं मिळत नाही.

मला वाटलं, यात काय एवढं. दुसरी बॅग आणायची, निम्मं तिच्यात टाकायचं, दहा मिनिटांचं काम. मी खाली जाऊन निशांतची बॅग घेऊन आले. बघते तर भाभी निळ्या बॅगेवर बसलेल्या, दोन्ही हात चेनवर. उघडणार नाही म्हणाल्या. त्यापेक्षा बॅग इथेच राहू दे, मी नेसत्या कपड्यांनी जाते. मी म्हटलं, नेसत्या कपड्यांनी बर्फात जाणार का, आणि अळीव-डिंकाचं काय. तर म्हणाल्या, मग मी जातच नाही. दुपारी गाडी येणार होती. शिवा दारात घुटमळला आणि हळूच निघून गेला.

माझं डोकं फिरलं. मी तोंडाला येईल ते बोलणार होते, की शिकल्यासवरल्या मुलीची आई तुम्ही, एका चेनपायी पोरीला पुन्हा एकटी टाकणार का. ते शेवटचं वाक्य अर्धं बाहेर पडलंच. भाभींनी माझ्याकडे वर पाहिलं.

"मी उघडली, आनि सहरचं परत तसंच झालं तर?" त्या म्हणाल्या. "मग मी तिला काय सांगू क्रांतीताई? वजन जास्त झालं व्हतं म्हनून?"

वडिलांनी शिकवलेलं सगळं मला तोंडपाठ आहे, पण त्या घटकेला त्यातलं एक वाक्य उपयोगाचं वाटेना. मी निशांतच्या रिकाम्या बॅगेशी खाली बसले.

कासिमभाई इतका वेळ खुर्चीत बसून होते. ते उठले, छातीवर हात ठेवून हळूहळू आले आणि बायकोसमोर स्टुलावर बसले.

"शमीम, मी उघडायचो," ते म्हणाले.

भाभींना कळलंच नाही. मलाही नाही.

"बॅग. त्या चाच्यांच्या फेरीनंतर जेवढ्या वेळा गेलो तेवढ्या वेळा. मुंबईला एजंटच्या गेस्टहाउसवर पोचलो की पयलं काम तेच. दार लावायचो, बॅग उघडायचो आनि सगळं काढून खाटेवर मांडायचो."

भाभींनी विचारलं, कशाला.

"घर सुटायचं नाय ना," ते म्हणाले. "वाशीचा पूल येईपर्यंत जीव कासावीस व्हायचा. तू कुठं काय ठेवलंस ते बघितलं, की मग बोटीवर चढायला पाय उचलायचा. तुला सांगितलं नाय, कारन बॅग बंद हाय म्हनून तुला झोप लागायची."

पलीकडच्या बोनकोडे गावातून भंगारवाल्याची आरोळी आली आणि गेली. भाभी नवऱ्याकडे बघत होत्या. प्रत्येक फेरी त्या मनात मोजत असणार. प्रत्येक वेळी तो माणूस बॅग उघडून गेला आणि प्रत्येक वेळी या दारातून धडधाकट आत आला.

"सगळं बाहेर काढायचे तुमी?" त्यांनी विचारलं.

"सगळं."

"आनि घड्या?"

कासिमभाई खाली बघायला लागले. घड्या मोडायच्याच, त्यांनी कबूल केलं. मग पुन्हा बसायचं नाही, तेव्हा शेजारच्या खोलीतल्या खलाशाला बोलवायचं आणि दोघांनी बॅगेवर बसून चेन ओढायची.

आता मात्र भाभींचा चेहरा लाल झाला. नियम मोडल्याचं त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. पण पहिलं बंदर वर, शेवटचं खाली, असे थर मी रात्ररात्र लावले, ते या माणसाने मुंबई सुटायच्या आधीच एक करून टाकले, यावरून त्यांनी त्याला जे धुतलं, ते ऐकण्यासारखं होतं. बायपास झालेल्या माणसाला इतकं बोलू नये असं मला वाटलं. कासिमभाई मात्र मान खाली घालून आरामात ऐकत होते, आणि मध्येच त्यांना हसू फुटलं. मग मला फुटलं. भाभी ओढणीने डोळे पुसत होत्या, त्या रडत होत्या की हसत होत्या ते त्यांनाच माहीत. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला एवढं मात्र मी सांगू शकते.

"सरका," त्या आम्हाला म्हणाल्या. "उघडायचीच तर मीच उघडनार. तुमी दोघं हात लावू नका." बिस्मिल्ला म्हणून त्यांनी चेन ओढली. कॅनडा एका बॅगेत गेलं, मक्का दुसरीत. पापडांचा गठ्ठा त्यांनी माझ्या मांडीवर ठेवला, तळून खा म्हणाल्या. गाडी आली तेव्हा दोन्ही बॅगा दाराशी उभ्या होत्या.

भाभी मक्केला पोचल्या, तिथल्या उन्हाने त्यांच्या चपला तापल्या, मग त्या एडमंटनला उतरल्या आणि दार उघडताच नाकातून पाणी यायला लागलं, हे सगळं मला रोजच्या रोज कळत होतं, कारण कासिमभाई सकाळचा नाश्ता आणि दुपारचा चहा आमच्याकडेच घ्यायचे. एकट्या माणसाने डाळ करपवली की पूर्ण जिन्यात वास जातो, म्हणून मीच त्यांना तसं बजावलं होतं. बोलायचे ते सगळं हवामानाबद्दल. सहरचा सातवा महिना लागला तेव्हा ते हवामानाबद्दलही बोलेनासे झाले. तो महिना सरला, आठवा सरला, आणि आम्ही दोघंही त्याबद्दल एक शब्द न काढता दोन-दोन कप चहा प्यायला लागलो.

डिसेंबरच्या शेवटी एका दुपारी मी आधण ठेवलं होतं आणि त्यांचा फोन वाजला. पडद्यावर भाभी होत्या, कानटोपी घातलेल्या, मागे हॉस्पिटलचा कॉरिडॉर. मुलगी झाली, दोघी ठीक आहेत, म्हणाल्या आणि तशाच फोन घेऊन खोलीत शिरल्या. सहर दमून पडली होती, पण हसत होती. तिच्या कुशीत टाहो चालला होता. भाभी बाळाला थोपटायला वाकल्या.

"नको शमीम, गप करू नको," कासिमभाई म्हणाले. "सहर झाली तेव्हा मी ब्राझीलला व्हतो. मला कळलं, घरी आलो, तोवर ती मान धरायला लागली व्हती. रडू दे हिला जरा. मला ऐकू दे."

मी गॅस बंद केला, टीव्ही बंद केला, आणि आम्ही दोघं ते रडणं ऐकत बसलो.